भिंतीचे एक्क्याण्णव दात

खडकुंब्याच्या शाळेची भिंत ज्यांनी पाहिली नाही त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पाहिल्यावर परगावचा प्रत्येक माणूस हसतो, आणि मग त्याला ओशाळं व्हावं लागतं. काळ्या दगडाची लांबलचक भिंत, आणि तिच्या दोन्ही अंगांनी, आतूनही आणि बाहेरूनही, दगडांची टोकं चार-चार बोटं पुढं आलेली. म्हाताऱ्याच्या हिरडीतून दात डोकावतात तशी. लग्नाचं वऱ्हाड आलं की त्यातला एखादा शहाणा म्हणतोच, "गवंडी शिंदी पिऊन बसला होता की काय?" आणि दुसरा शहाणा आपली टोपी त्या टोकाला अडकवतो. गावातलं कुणी भांडत नाही. एखादी म्हातारी येते, टोपी काढून पाहुण्याच्या हातात देते आणि म्हणते, "इथं काही टांगायचं नसतं, बाबा. ही धुरपामायची भिंत हाय."

ती धुरपामाय कोण, ते ऐका. पाय पसरलेल्यांनी पाय जवळ घ्या. ज्यांना तेराचा पाढा येत नाही त्यांनी मागं सरका. अरे, सगळेच सरकलात की! बसा, बसा. गोष्ट संपेपर्यंत अर्धा तरी पाठ होईल.

फार वर्षांपूर्वी, खडकुंब्यात पहिलीवहिली शाळा झाली त्या काळातली ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. कुणी म्हणतं सात पिढ्या, कुणी म्हणतं नऊ, आणि ज्याला स्वतःचं वय सांगता येत नाही तो सगळ्यांत खात्रीनं सांगतो. तेव्हा गावात दाजीबा पाटील होते. माणूस मनानं चांगला, पण दिसण्याचा भारी सोस. मिशीला तेल लावायला एक गडी, आणि ते दोन्हीकडं सारखं लागलं का ते पाहायला दुसरा, असं म्हणतात. त्या पाटलांच्या मनात आलं, गावात शाळा पाहिजे. तीही अशी, की मोठ्या रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवून बघत राहावं.

काम दिलं सटवा गवंड्याला. सटवाचा हात असा, की ओळंबा सोडायच्या आधीच भिंत सरळ उभी राहायची. आणि सटवाच्या हाताखाली त्याची बायको, धुरपा.

आता जाड दगडी भिंत म्हणजे काय असतं, ते शहरातल्यांसाठी सांगतो. गावातल्यांनी माहीत असल्यासारखी मान हलवावी. एक भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. एक बाहेरची, एक आतली. मधे हातभर पोकळी. तिला म्हणतात भिंतीचं पोट. भिंतीचं तोंड घडवायचं गडीमाणसांनी आणि पोट भरायचं बायकांनी, अशी रीत. तोंडाकडं सगळं जग बघतं. पोटात काय गेलं ते फक्त भरणारीला माहीत.

त्या दोन भिंतींनी एकमेकींना धरून राहावं म्हणून मधून मधून एक लांब दगड आरपार घालायचा. त्याची टोकं दोन्हीकडून चार बोटं बाहेर ठेवायची. म्हणजे दगड खरोखर आरपार गेलाय हे येणाऱ्याजाणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. असे लांब दगड भैरोबाच्या डोंगरावरच निघायचे, कोसभर चढून गेल्यावर.

सटवानं पहिला लांब दगड बसवला आणि पाटील बघायला आले.

"सटवा, हे काय रं? माझ्या शाळंला दात?"

"धनी, दात असले तर भिंत धरून राहती."

"रस्त्यावरनं दिसतंय ते. मला आरशावाणी गुळगुळीत पाहिजे. काढ ते."

सटवानं पहार उचलली. धुरपा डोक्यावर टोपलं घेऊन तिथंच उभी होती. नवरा बरोबर बोलतोय हे तिला कळत होतं. पण सकाळपासून तिची मान अवघडली होती, आणि डोंगर कोसभर होता. तिच्या मनात आलं, सुटले बाई. आणि ती काही बोलली नाही.

एवढंच. त्या दिवशी याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग पोट भरायला तिनं ओढ्यातले गोटे आणले. ओढा जवळ, गोटे गोल, टोपलं लवकर भरतं. चिखलात दडपले की दिसेनासे होतात.

शाळा उभी राहिली. रस्त्याकडची भिंत अशी झाली की पाटील तिच्यात बघून मिशी पिळायचे, असं म्हणतात. वर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून हातभर मातीचं माळवद. भानूपंत नावाचे पंतोजी आले. अंगानं किडकिडीत, नाकातून बोलणारे. पण पाढे असे म्हणून घ्यायचे की ओढ्यावर धुणं आपटणाऱ्या बायकांचे हात त्या तालावर पडायला लागले. दोन वर्षांनी सटवा छातीच्या दुखण्यानं गेला. धुरपा मिळेल त्याच्या हाताखाली दगडमाती वाहायची, आणि जाता-येता शाळेच्या भिंतीपलीकडचे पाढे ऐकायची. तिला ग म भ न येत नव्हतं. पण एकापासून तेरापर्यंतचे पाढे तिला त्या भिंतीनं शिकवले. टोपली मोजायची तीसुद्धा पाढ्यात.

पौषातली सकाळ होती. धुरपा ओढ्यावरून घागर घेऊन येत होती. आत पोरं तेराचा पाढा म्हणत होती आणि बाहेर ती ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत होती. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साते…

पुढचं कुणी म्हटलं नाही.

जमिनीखालून भरलेला गाडा जावा तसा आवाज आला आणि जमीन हादरली. घागर पडली. धुरपाच्या डोळ्यांसमोर ती आरशासारखी भिंत शेंग उकलावी तशी मधोमध उकलली. बाहेरची बाहेर पडली, आतली आत पडली, आणि वरून माळवद बसलं. पोटातले गोटे अंगणभर घरंगळत आले. त्यातला एक तिच्या पायाशी येऊन थांबला. तिनं तो ओळखला. गोट्याला काय ओळखायचं, असं तुम्ही म्हणाल. ज्यानं वाहिला त्याला विचारा.

नऊ लेकरं गेली.

त्यात पाटलांचा नातू होता. येसू नावाच्या बाईचा थोरला, हरबा होता. बाकीच्यांची नावं खडकुंब्यात अजून सगळ्यांना पाठ आहेत, पण ती गोष्टीत सांगत नाहीत. ती ज्याच्या त्याच्या घरात सांगतात.

तीन दिवस धूळ हवेतून खाली बसली नाही, असं म्हणतात. चौथ्या दिवशी बसली. पाटलांच्या मिशीवर बसली ती पाटलांनी तशीच राहू दिली, आणि पुढं मरेपर्यंत त्या मिशीला तेल लागलं नाही.

गावातली निम्मी घरं पडली होती. ती हळूहळू उभी राहिली, कुडाची, गवताची. शाळेचं नाव मात्र कुणी काढेना. भानूपंत वाचले होते, एका कानानं बहिरे होऊन. त्यांनी ओढ्याकाठच्या चिंचेखाली पोरं बसवली. पडलेल्या भिंतीचीच माती चाळून जमिनीवर पसरली आणि तिच्यात बोटानं अक्षरं काढायला लावली. पोरं आली सहा. आणि सहा पोरांमागं सहा आया, प्रत्येकीचा हात आपल्या पोराच्या दंडावर. रस्त्यानं गाडी खडखडली की सगळ्या आया पोरं उचलून पळायच्या, आणि सगळ्यांच्या पुढं पंतोजी.

ऊन झालं की शाळा सुटायची. पाऊस आला की अक्षरं वाहून जायची. श्रावणात दोन पोरं उरली. तेव्हा भानूपंत पाटलांना म्हणाले, "दसऱ्यापर्यंत भिंती उभ्या राहिल्या तर राहतो. नाहीतर मी आपला माझ्या गावाला जातो. आणि एक सांगून ठेवतो, पाटील, मी गेलो की दुसरा कुणी इथं यायचा नाही."

चावडीपुढं गाव बसलं. येसू पुढं होती. कडेवर तिची उरलेली एक लेक, बनी. सात वर्षांची घोडी, पण त्या पौषापासून येसू तिला खाली ठेवत नव्हती.

येसू म्हणाली, "देवीला शाळा नको हुती. म्हणून कोपली."

पाटलांनी मान हलवली. "मग तिथं देवीचं ठाणं करू."

सगळ्यांना बरं वाटलं. देवीवर घातलं की गावातल्या कुणाचं नाव येत नाही. बैठक उठायच्या बेतात आली.

धुरपा पार मागं बसली होती. तिच्या कमरेला, पदराच्या गाठीत, तो गोटा होता. पौषापासून तिनं तो तसाच वागवला होता, आणि कमरेला काळं पडलं होतं. तिला हेही माहीत होतं, की आपण गप्प बसलो तर हे कुणाला कधी कळायचं नाही. सटवा गेला, भिंत गेली. पण मग ठाणं बांधतील, त्याच्या पोटात गोटे जातील. घरं बांधतील, त्यांच्याही पोटात गोटे. आणि भिंतीपलीकडून पाढे पुन्हा कधी ऐकू यायचे नाहीत. सांगितलं तर गाव काय करील, तेही तिला माहीत होतं. एकदा गप्प बसली होती तेव्हा काय झालं, ते तर तिनं पाहिलंच होतं.

ती उठली. माणसांतून वाट काढत पुढं आली आणि गोटा मधोमध ठेवला.

"देवीला नावं ठेवू नका," ती म्हणाली. "जमीन देवीनं हलवली असंल. भिंत ह्यानं पाडली. ह्याला मी घातला पोटात."

कुणाला काही कळेना. तिनं मग नीट सांगितलं. दोन भिंती, मधलं पोट, लांब दगड. "लांब दगड डोंगरावर हुते. मला वाहायचा कंटाळा आला. भिंत धरून राहणार न्हाई हे मला कळत हुतं, आन मी बोलले न्हाई."

पाटलांचं नाव तिनं घेतलं नाही. मग पाटील स्वतःच उभे राहिले.

"दात नकोत, असं मी म्हणालो हुतो," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.

येसूनं बनीला खाली ठेवलं. पहिल्यांदाच. पुढं येऊन तिनं तो गोटा उचलला आणि हात डोक्याच्या वर नेला. धुरपानं डोळे मिटले नाहीत. सगळ्या गावानं मिटले.

हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग खाली आला.

"तुला मारून माझा हरबा येत न्हाई," येसू म्हणाली. "मावशे, तूच बांध. तुझ्या हातानं बांध. आन बांधून झाली की आतल्या अंगानं भिंतीला पाठ लावून उभी ऱ्हा. भाईरनं सगळा गाव ढकलंल. पडली तर तुझ्यावर पडंल. न्हाई पडली, तर माझी बनी पहिली आत जाईल."

"बरं," धुरपा म्हणाली.

"तवर हा माझ्यापाशी." येसूनं गोटा कमरेला खोचला, बनीला उचललं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना धुरपा पहार घेऊन भैरोबाचा डोंगर चढली. किती दगड लागतील, हे तिनं कुणाला विचारलं नाही. तो अर्धा राहिलेला पाढा इतके महिने तिच्या डोक्यात अडकून होता. तेरा थर, दर थराला सात. पोरांच्या तोंडात जे राहिलं होतं, तेवढे दगड.

पहिला दगड खाली यायला दीड दिवस लागला. दगडाखाली ओंडके घालायचे, कमरेला दोरी बांधायची, उतारावर दगड पुढं पळू नये म्हणून मागं रेलायचं, आणि चढावर तोच दगड ओढायचा. गाव खालून बघत होतं. बघायला गाव पहिल्यापासून हुशार. कुणी म्हणायचं पाच आणील, कुणी म्हणायचं सात, आणि ज्यानं स्वतःच्या घरची चूलही कधी उचलून बाजूला ठेवली नव्हती, तो दोरी कशी धरायची हे तिला ओरडून सांगायचा.

असं म्हणतात की, भैरोबाच्या उतारावर ते दगड तिचं बोलणं ऐकायचे. असं म्हणतात की, तांबड्या मुंग्या रांग धरून खडकातली चीर दाखवायच्या आणि तिथंच पहार घातली की दगड चिरत यायचा. एक रानडुक्कर रोज पुढं चालून काट्यांतून वाट मोकळी करायचं, असंही म्हणतात. डुकराला विचारायला आता कुणी उरलेलं नाही. पण दगड खाली आले, हे खरं. ज्याला शंका असेल त्यानं जाऊन मोजावेत.

अकराव्या दिवशी भानूपंत डोंगरावर आले. धोतर खोचलेलं. "धुरपाबाई, दोरीचं एक टोक द्या माझ्याकडं." संध्याकाळच्या आत त्यांनी अंगठा दगडाखाली घातला. त्या वेळी ते जे बोलले त्यातलं कुठलंच त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चिंधी बांधून पुन्हा आले. मग पाटील आले. त्यांची खिलारी जोडी म्हणजे पोळ्याला मिरवायची, एरवी तिच्या अंगावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्या जोडीला त्यांनी स्वतःच्या हातानं दगडाला जुंपलं. त्यानंतर गावातल्या गड्यांना घरी बसायची लाज वाटायला लागली. काहींना चार दिवस उशिरा वाटली, पण वाटली.

भिंत थराथरानं वर चढायला लागली. तोंड धुरपानं घडवलं, सटवाच्याच छिन्नीनं. पोट भरायला तिनं आया बोलावल्या. गोल दगड एकही नको, सांगितलं. चपटे दगड, एकमेकांवर रेललेले, आणि फटींत चिपा ठोकून बसवलेल्या. प्रत्येक दगड हातानं हलवून बघायचा. हलला की काढायचा. ज्या दगडावर हात ठेवून आईचं मन भरत नाही तो दगड भिंतीत जाणार नाही, असा नियम. एकेका थराला तीन-तीन दिवस लागायला लागले. पंतोजींना दसरा हुकण्याची काळजी, पण धुरपाला काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पाटलांनी आणखी दोन गावांचे गवंडी आणले. त्यांनाही धुरपानं आधी आठ दिवस नुसतं पोट भरायला बसवलं. गडीमाणसांना बायकांचं काम दिलं म्हणून ते कुरकुरले, आणि मग शिकले.

येसू आली नाही. ती रोज लांब, चिंचेखाली उभी राहून बघायची, कडेवर बनी, कमरेला गोटा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेरावा थर पुरा झाला. सातवा दगड बसला. छप्पर अजून नव्हतं, आणि या वेळी माळवद घालायचंच नव्हतं. बांबू आणि गवत, अंगावर आलंच तर झटकून उठता येईल असं.

दसऱ्याला सकाळी, सोनं वाटायच्या आधी, सगळं गाव भिंतीपुढं जमलं. धुरपानं हातपाय धुतले, आत गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोक्यावर मोकळं आभाळ. पाठीला दगडांची टोकं टोचत होती. कुठलं टोक डोंगरावरच्या कुठल्या कपारीतलं, ते तिला पाठीनं कळत होतं.

बाहेर गाव ढकलायला लागलं, आणि पहिल्यांदा नुसता गोंधळ झाला. एक ढकलतोय तेव्हा दुसरा दम घेतोय. "एकदम ढकला!" पाटील ओरडले. "एकदम म्हंजी कवा?" मागून आवाज आला. मग भानूपंतांना एका दगडावर उभं केलं, ताल धरायला. पंतोजींना ताल एकाच गोष्टीचा माहीत. त्यांनी तोंड उघडलं आणि तेराचा पाढा निघाला. पौषातल्या त्या सकाळनंतर त्यांनी तो एकदाही म्हटला नव्हता.

"तेरा एके तेरा." गावानं खांदा दिला. "तेरा दुणे सव्वीस." पुन्हा दिला. पुढच्या रांगेत त्या नऊ घरांतल्या आया होत्या. त्या भिंत ढकलत नव्हत्या. ढकलत होत्या ती पौषातली सकाळ. आत धुरपाला एकेक धक्का पाठीतून छातीत येत होता. येसूचा धक्का कुठला, तेही तिला ओळखू येत होतं. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक बावन्न. भिंत हूं की चूं करत नव्हती. तेरा पाचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर.

"तेरा साते—"

आणि जमिनीखालून भरलेला गाडा गेला.

असं म्हणतात, पहिल्यापेक्षा हा हादरा मोठा होता. असं म्हणतात, ओढ्याचं पाणी उलटं फिरलं आणि भैरोबाची घंटा आपोआप वाजली. धुरपाच्या मनात पळायचं आलं होतं का, ते कुणाला माहीत नाही. तिनं दोन्ही हात मागं नेले आणि दोन दगडांची टोकं मुठीत धरली. भिंत हलली. हो, हलली, खोटं कशाला सांगा! पण ती सगळी मिळून हलली. आतली बाहेरचीला सोडून गेली नाही. बाहेरची आतलीला सोडून गेली नाही. हलली, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबली.

बाहेर गावातलं एकही माणूस पायांवर नव्हतं. पाटलांचं पागोटं शेणात होतं. पंतोजी मात्र या वेळी पळाले नव्हते. दगडावर उभे होते त्याच दगडाला मिठी मारून बसले होते. येसू बनीला पोटाखाली घेऊन पालथी पडली होती. धूळ उठली होती, आणि धुळीतून वर बघायची कुणाची हिंमत होत नव्हती.

मग भिंतीपलीकडून एक घोगरा आवाज आला.

"एक्क्याण्णव."

भानूपंतांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण पंतोजी तो पंतोजीच, जन्माची सवय. नाकातून ओरडले, "पुन्हा! मोठ्यानं!"

"एक्क्याण्णव!"

येसू उठली. बनीच्या अंगावरची धूळ झटकली आणि तिला हाताला धरून, कडेवर न घेता, भिंतीला वळसा घालून आत आली. धुरपा तशीच उभी होती, मुठीत दगड धरून. त्या दोघी एकमेकींशी काय बोलतात, ते ऐकायला गाव मान लांब करून बसलं होतं. येसूनं कमरेचा गोटा काढला, खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "हा हितंच राहू दे. दिसू दे सगळ्यांना."

आणि बनीला तिथं, भिंतीच्या सावलीत, खाली बसवलं.

पुढं धुरपानं आसपासच्या गावांत शाळा बांधल्या. चौदा, असं म्हणतात. त्यातल्या एकीचीही भिंत उकलली नाही. लोक तिला आधी धुरपाबाई म्हणायला लागले, मग धुरपामाय. फार म्हातारी झाल्यावर एक दिवस ती पहार घेऊन डोंगरावर गेली ती परत आली नाही. लोकांनी शोधलं तेव्हा भैरोबाच्या कपारीत एक नवा लांब दगड दिसला, माणसाच्या उंचीचा, मान थोडी एका बाजूला कललेली. त्या दगडाला पहार लावायची नाही, असं तेव्हापासून ठरलंय.

आजही वर्षाची शाळा उघडते त्या दिवशी खडकुंब्यात आधी घंटा होत नाही. आधी सगळं गाव भिंतीला खांदा लावतं. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई आत जाते आणि त्या दातांना पाठ लावून उभी राहते. नऊ घरांतले लोक पुढच्या रांगेत. मास्तर दगडावर चढून तेराचा पाढा म्हणतात आणि दर आकड्याला गाव भिंत ढकलतं. तेरा साते म्हटलं की सगळे थांबतात, खांदा तसाच ठेवून. मग कुणी बोलत नाही. चिंचेवरची पाखरंसुद्धा. बारकी पोरं ओठ गच्च मिटून धरतात, कारण उत्तर तोंडात नुसतं उड्या मारत असतं. एखाद्याच्या तोंडून निसटतं आणि त्याला चिमटा बसतो. मोठ्यांपैकी कुणीकुणी डोळे पुसतं. कधी कधी ही वेळ फार लांबते. म्हातारीला दम लागलेला असतो. पण गाव थांबतं.

मग पलीकडून आवाज येतो, "एक्क्याण्णव."

"पुन्हा! मोठ्यानं!" मास्तर म्हणतात.

त्या वर्षी पहिलीत आलेलं प्रत्येक पोर खिडकीतला गोटा दोन्ही हातांनी उचलतं, त्याचं वजन बघतं आणि परत जागेवर ठेवतं. घंटा होते. पोरं आत जातात.

आणि आया? आया दाराशी थांबत नाहीत. पदर खोचतात आणि मागं वळून न बघता आपापल्या कामाला जातात.